दोन्ही द्या, पण एका टाकीत नको

दादा, टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसतात म्हणून फ्लुओपायरम आणि पॅसिलोमायसिस एकाच दिवशी ड्रिपमधून सोडू का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, अजिबात नको. फ्लुओपायरम हे रसायन सूत्रकृमींवर, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींवर, चालतं खरं, पण ते बुरशीनाशकही आहे आणि पॅसिलोमायसिस ही बुरशीच. पैसे मोजून आणलेला मित्र आपल्याच हाताने कशाला मारायचा?

रसायन लागवडीच्या वेळी, लेबलवरच्या मात्रेत. कोवळ्या मुळांत शिरणारी सूत्रकृमींची पिल्लं तिथेच अडतात. पण गाठीवरच्या चिकट पुंजक्यात एकेका मादीची शेकडो अंडी असतात, त्यांचा फडशा पाडायचं काम बुरशीचं. उबदार जमिनीत साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते, म्हणून 2-3 आठवड्यांनी जैविक, म्हणजे पॅसिलोमायसिस, सुरू करा. मी ते निंबोळी पेंड आणि कुजलेल्या शेणखतात कालवतो, 15 दिवस सावलीत ओलसर ठेवतो आणि मग बुडाशी देतो. जमिनीत ओल हवीच.

आणि प्लॉट संपला की गाठीची मुळं उपटून जाळा. बांधावर फेकली तर पावसाच्या पाण्याबरोबर परत शेतात येतात.