श्वसनसंसर्गाचे सर्वेक्षण: खासगी रुग्णालयांवर नोंदीची सक्ती असावी का?

धागाकर्ती
श्वसनसंसर्गाच्या सर्वेक्षणाचा भार मुख्यतः निवडक सार्वजनिक रुग्णालयांवर असतो. मागील १० दिवसांत सुरू झालेला खोकला, ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आणि दाखल करण्याची गरज, एवढे जुळले की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे तो रुग्ण ‘सारी’ (इंग्रजी आद्याक्षरे SARI, म्हणजे गंभीर तीव्र श्वसनसंसर्ग) म्हणून मोजला जातो. हाच रुग्ण खासगी रुग्णालयात गेला, तर अनेकदा तो कोणत्याच तक्त्यात येत नाही. जिथे निम्मे रुग्ण खासगीत उपचार घेतात, तिथे निम्मी साथ आपल्याला दिसतच नाही. म्हणून साप्ताहिक नोंद सर्वांना बंधनकारक असावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रयोगशाळेतून
असहमत. मी खासगी प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे कोणाची चाचणी होते? ज्याला खर्च परवडतो आणि ज्याच्या डॉक्टरांना शंका येते, त्याची. निवडक केंद्रांत मात्र ठरलेल्या पद्धतीने नमुने घेतले जातात, त्यामुळे या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करता येते. आमचे बाधितांचे आकडे त्यांत मिसळले, तर चाचण्या वाढल्या की साथ वाढली हे कळणार नाही. २००९च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत सुरुवातीला गंभीर रुग्णच प्रामुख्याने मोजले गेले आणि आजार प्रत्यक्षापेक्षा अधिक घातक वाटला, हे विसरू नये. थोडी केंद्रे असावीत, पण ती शिस्तीची असावीत.

धागाकर्ती
तुमचा आक्षेप आकडे मागण्याच्या पद्धतीवर आहे. आकडे मागूच नयेत, असे त्यातून सिद्ध होत नाही. केवळ बाधित मागू नका. आठवड्यात एकूण किती दाखल झाले, त्यांपैकी सारीचे किती, तपासले किती आणि बाधित किती, हे चार आकडे मागा. छेद, म्हणजे किती जणांपैकी बाधित हा आकडा, हाती आला की चाचण्यांच्या चढउताराने एवढी फसगत होणार नाही. शिवाय काही केंद्रांवर विसंबलेली व्यवस्था नेहमीच्या फ्लूचा कल उत्तम दाखवते, परंतु अनोळखी आजाराचे पहिले चार रुग्ण कोणत्या दारात येतील हे ती ठरवू शकत नाही. वूहानमध्ये २०१९च्या डिसेंबरात कारण न कळणारा न्यूमोनिया प्रथम लक्षात आला तो रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याच.

वॉर्डातून
सार्वजनिक रुग्णालयाची नोंद निर्दोष असते, हे गृहीतक मला मान्य नाही. रविवारी नमुने कमी जातात, कारण त्या दिवशी ते घेणारा माणूस नसतो. रुग्ण उशिरा येतो, तोवर घशातला विषाणू ओसरलेला असतो आणि अहवाल नकारात्मक येतो. आणखी एक गोष्ट इथे कोणी मांडली नाही: खासगीत प्रकृती खालावलेला किंवा पैसे संपलेला रुग्ण आमच्याकडे पाठवला जातो. दोघांनीही नोंद केली आणि रुग्णाला एकच ओळख क्रमांक नसला, तर तो दोनदा मोजला जाईल. सक्तीपूर्वी ही सांधेजोड करा.

प्रयोगशाळेतून
छेदाचा मुद्दा मान्य. सक्तीचा अजूनही नाही. दंडाच्या भीतीने भरलेल्या तक्त्यात शून्येच जास्त येतात. रुग्णालयाचे नाव बाहेर जाणार नाही याची हमी द्या आणि सध्या कोणता विषाणू फिरतो आहे हे दर आठवड्याला डॉक्टरांना परत कळवा. आरएसव्ही (श्वसनमार्गाला बाधणारा एक विषाणू) किंवा इन्फ्लुएंझाचा जोर आहे हे वेळेत कळले, तर विनाकारण दिली जाणारी प्रतिजैविके टाळता येतील, आणि तेवढ्यासाठी तरी अनेकजण तक्ता स्वतःहून भरतील.