अर्धा वर्ग समोर, अर्धा पडद्यावर: ऑनलाइन मुलांना बोलतं कसं करू?

संख्याशास्त्रवाली

नमस्कार. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. 11 वर्षं झाली, पण या सत्राइतकी हतबल कधी झाले नव्हते. 34 मुलं समोर बसतात, 21 ऑनलाइन असतात. समोरच्यांशी सूर जुळतो. ऑनलाइन मुलांची मात्र नुसती नावं, काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं.

परवाचा तास सांगते. पी-व्हॅल्यू (मूळ गृहीतक खरं धरलं तर हाती आला तितका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता) शिकवत होते. मध्येच विचारलं, "ऑनलाइन सगळ्यांना समजलं ना? काही शंका?" कुणीच काही बोललं नाही, म्हणून पुढे गेले. तास संपल्यावर मीटिंग बंद करताना चॅटमध्ये एका मुलीचा मेसेज दिसला: "मॅडम, फळा दिसत नाहीये." 40 मिनिटांपूर्वी टाकलेला. तेवढा वेळ ती फक्त आवाज ऐकत बसली होती, आणि मला पत्ताही नव्हता. तेव्हापासून तो मेसेज डोक्यातून जात नाही.

आत्तापर्यंत काय केलं तेही सांगते. आठवडाभर कॅमेरा सक्तीचा केला, तर चार जण यायचेच बंद झाले. ब्रेकआउट रूम, म्हणजे मीटिंगमध्येच छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्या, करून पाहिल्या. आत डोकावलं की सगळे म्यूट. मार्कांची क्विझ घेतली, तर उत्तरं एकमेकांना पाठवली गेली. माझ्याकडे लॅपटॉप, एक माईक आणि प्रोजेक्टर एवढंच आहे. खरोखर करून पाहिलेलं कुणी सांगाल का?

प्रयोगवही

मॅडम, मी रसायनशास्त्र शिकवतो. तुमच्यासारखाच मिश्र वर्ग तीन वर्षं घेतोय. तुमच्या त्या मुलीपासूनच सुरुवात करतो, कारण मुलं गप्प का आहेत हे शोधण्याआधी त्यांना दिसतंय आणि ऐकू येतंय का, हे बघायला हवं. मी पहिलं सत्र यातच वाया घालवलं. समोरचा मुलगा प्रश्न विचारायचा, मी उत्तर द्यायचो, वर्ग हसायचा, आणि ऑनलाइन मुलांपर्यंत फक्त माझं उत्तर पोचायचं. प्रश्नच ऐकला नाही तर उत्तराचा काय उपयोग? आता दोन नियम मोडत नाही. समोरून आलेला प्रत्येक प्रश्न माईकमध्ये परत म्हणायचा, मगच उत्तर. आणि फळ्यावर काहीच लिहायचं नाही. सगळं लॅपटॉपवर लिहून तोच स्क्रीन शेअर करायचा, म्हणजे प्रोजेक्टरवर आणि घरी एकच दिसतं. अक्षर वाईट येतं, पण सगळ्यांना सारखंच वाईट दिसतं.

शिवाय दर तासाला समोरच्या एका मुलाकडे चॅटची जबाबदारी देतो. तो स्वतःच्या फोनवरून मीटिंगमध्ये असतो, आवाज पूर्ण बंद. चॅटमध्ये काही आलं की त्याने हात वर करून मला थांबवायचं, मध्येच थांबवलं तरी चालेल. असं कुणी असतं तर तुमच्या मुलीचा मेसेज अर्ध्या मिनिटात तुमच्यापर्यंत आला असता.

आता बोलण्याचं. "समजलं का?" हा प्रश्न मी सोडून दिला. "नाही" म्हणायला धैर्य लागतं आणि "हो" म्हणायला काहीच लागत नाही, त्यामुळे त्यातून काही कळतच नाही. त्याऐवजी असा प्रश्न द्या की ज्यात चुकायला जागा आहे. तुमच्याच विषयातला घ्या: पी-व्हॅल्यू 0.03 आली, म्हणजे नल हायपोथेसिस ("काही फरक नाही" हे मूळ गृहीतक) खरी असण्याची शक्यता 3 टक्के, हे बरोबर की चूक? निम्मा वर्ग "बरोबर" म्हणेल अशी माझी अटकळ आहे.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मेझर यांनी 1991 पासून मोठ्या वर्गांत हीच रीत वापरली. आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर आली, तर शिक्षकाने काही न सांगता मुलांना एकमेकांना पटवायला लावायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी आली तर आपण परत समजावायचं, जास्त आली तर पुढे जायचं. हातात फोन असला की मिश्र वर्गात हे सहज बसतं, कारण मत देताना समोरचा आणि ऑनलाइन असा भेदच राहत नाही.

एक बारकावा. चॅटमध्ये उत्तर मागताना मी म्हणतो, "टाइप करा, पण पाठवू नका." दीड मिनिट थांबतो. मग "पाठवा" म्हटलं की सगळी उत्तरं एकदम येतात. पहिल्याचं बघून बाकीच्यांनी गप्प बसणं यात होत नाही. ते दीड मिनिट शिक्षकाला फार जड जातं, मी पाणी पितो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा दिसलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच 3 सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त जण बोलतात. ही मोजणी समोरासमोरच्या वर्गातली. ऑनलाइन वर्गात म्यूट काढायलाच त्याहून जास्त वेळ जातो.

मागच्या खिडकीतून

मी शिक्षक नाही, तिसऱ्या वर्षात आहे, दोन वर्षं बहुतेक तास ऑनलाइन केलेत. लिहू की नको असा विचार करत होते.

मॅडम, आम्ही गप्प असतो तेव्हा नेहमी लक्ष नसतं असं नाही. माझ्या घरात एकच खोली आहे. माईक चालू केला की मागे चाललेलं सगळं वर्गाला ऐकू जातं. कॅमेरा लावला तर तास संपेपर्यंत मी माझाच चेहरा बघत राहते. बोलायचं ठरवलं तरी दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघंही "तू बोल" म्हणून थांबतात, तोवर सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. दोनतीनदा असं झालं की माणूस बोलणं सोडतो.

मला सगळ्यात आवडलेल्या मॅडम तास सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी मीटिंग उघडायच्या आणि आलेल्यांशी नावाने बोलायच्या. विषयाबद्दल नाही, असंच. मग तासात त्या म्हणायच्या, "आत्ता हिने चॅटमध्ये फार चांगलं लिहिलंय, वाचते." माझं वाक्य समोरच्या वर्गात मोठ्याने वाचलं गेलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की मी त्या वर्गात आहे.

प्रयोगवही

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. स्वतःचा चेहरा सतत बघण्याबद्दल तुम्ही म्हणता ते स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेनसन यांनी 2021 साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याच्या चार कारणांत मांडलं आहे. बाकीची तीन म्हणजे डोळ्यांसमोर अगदी जवळ आलेले मोठे चेहरे, जागेवरून हलता न येणं, आणि हावभाव पोचवायला व समजून घ्यायला लागणारे जादा कष्ट. कॅमेरा ऐच्छिकच ठेवावा या मताला मी आलोय. आणि चॅटमधलं वाक्य वाचून दाखवणं उद्यापासून सुरू करतो.

दोन_भाषा_एक_वर्ग

प्रयोगवही सरांच्या बहुतेक गोष्टी पटतात, एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. दोन्हीकडे प्रत्येक क्षणी सारखं लक्ष देता येतं असं धरून चालू नका. दोन सत्रं तसं करायला गेले आणि दोन्हीकडचे विद्यार्थी नाराज झाले. आता 60 मिनिटांतली 20 मिनिटं व्याख्यानाची नसतातच. तेवढा भाग आधी रेकॉर्ड करून देते, छोट्या तुकड्यांत. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळाच्या व्हिडिओंवर 2014 साली झालेल्या अभ्यासात 6 मिनिटांच्या आतले व्हिडिओच सर्वांत जास्त बघितले जातात असं दिसलं होतं, तेव्हापासून मी 6 मिनिटांची मर्यादा पाळते.

तुमच्या म्यूट ब्रेकआउट रूमबद्दल: "चर्चा करा" एवढंच सांगितलं होतंत का? मीही तेच करायचे. आता सगळ्या गटांसाठी एकच सामायिक फाइल असते, प्रत्येक गटाची एक ओळ. 7 मिनिटांत त्या ओळीत ठरावीक गोष्ट लिहायचीच: एक वाक्य, एक आकडा, किंवा "आमचं इथे अडलं". तिघांचाच गट करते, पाच झाले की दोघं लपतात. आणि आठवडे बदलले तरी गट तेच ठेवते. अनोळखी माणसाशी पहिल्या मिनिटाला कोण बोलतं? मी सगळ्या ओळी भरताना बघत असते, त्यामुळे प्रत्येक रूममध्ये डोकावावं लागत नाही. जिथे रिकामं दिसतं तिथेच जाते.

क्विझबद्दल एवढंच, की मार्क काढून टाका. आठवून लिहिण्याने लक्षात राहतं, त्यासाठी मार्कांची गरज नाही.

संख्याशास्त्रवाली

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. फळा सोडला, चॅटसाठी रोज एक जण नेमला, आणि पी-व्हॅल्यूचा तो प्रश्न तसाच्या तसा विचारला. 55 पैकी 49 जणांनी मत दिलं, 31 जणांनी "बरोबर" म्हटलं. म्हणजे माझ्या इतक्या स्पष्टीकरणानंतरही बहुतेकांची समजूत उलटीच होती, समोरच्यांचीसुद्धा! "समोरच्यांशी सूर जुळतो" असं मी वर लिहिलंय, ते आता तितक्या खात्रीने लिहिणार नाही.

बरोबर उत्तरं 30 टक्क्यांच्या थोडी वर होती, म्हणून मी काही न सांगता त्यांना तिघातिघांत पाठवलं. समोरचा एक आणि ऑनलाइन दोघं असे काही गट मुद्दाम केले, समोरच्यांनी इअरफोन लावले. दुसऱ्यांदा मत घेतलं तेव्हा 33 जणांनी "चूक" म्हटलं. ब्रेकआउटची फाइल मात्र अजून नीट जमलेली नाही. दोन गटांची ओळ दर वेळी रिकामीच राहते. गट न बदलता अजून दोन आठवडे थांबून बघते.

फळा न दिसलेल्या त्या मुलीला मी दुसऱ्याच दिवशी फोन करून माफी मागितली होती. गेल्या तासाला तिने चॅटमध्ये लिहिलं: "नल हायपोथेसिस खरी आहे असं धरूनच आपण पी-व्हॅल्यू काढतो, मग तीच खरी असण्याची शक्यता त्यातून कशी मिळेल?" मी ते माईकमध्ये दोनदा वाचलं.