मदत हवी आहे: जपानचे दहा दिवस, चार मैत्रिणी आणि कोयासान

आम्ही कॉलेजच्या चौघी मैत्रिणी एप्रिलच्या सुरुवातीला जपानला जातोय. टोकियोला उतरायचं, मग क्योतो, हिरोशिमा आणि परतीचं विमान ओसाकाहून. तिकिटं झालीत, बाकी सगळं अजून चर्चेतच आहे.

पहिला प्रश्न रेल्वे पासचा. ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा पास ५०,००० येन झाला आहे. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) एकेरी भाडं साधारण १४,००० येन. आम्ही टोकियोला परत येणार नसल्यामुळे सुटी तिकिटंच स्वस्त पडतील असं मला वाटतं. हिशोबात काही सुटतंय का?

दुसरा प्रश्न जास्त काळजीचा. आमच्यातल्या दोघी पक्क्या शाकाहारी आहेत, आणि तिथे भाजीच्या सूपमध्येही बऱ्याचदा सुक्या माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. दुकानात हे नेमकं कसं विचारायचं? जपानीत लिहिलेली चिठ्ठी दाखवून कुणाचं काम झालंय का?

म्हणूनच कोयासानला, म्हणजे बौद्ध मंदिरांच्या डोंगरावर, एक रात्र देवळात राहावं असं माझं मन सांगतंय. तिथलं शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण, पूर्ण शाकाहारी असतं. शिवाय कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. तिथे जाऊन हात जोडायची माझी फार इच्छा आहे. पण ओसाकाहून जाता-येता वेळ जातो, आणि एक मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा हिरोशिमाला दोन रात्री राहू, जवळचं मियाजिमा बेटही नीट होईल.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय निवडलं असतं?