विसर्जनाच्या बंदोबस्तावरील पोलीस आणि अग्निशमन जवानांना जेवण द्यायचे आहे: काय काळजी घ्यावी?

लेखनिक_पुणे
नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरीला आहे. आमच्याकडे वर्षातून एक दिवस पगारी रजा घेऊन समाजोपयोगी काम करता येते आणि यंदा मी व माझे सात सहकारी तो दिवस अनंत चतुर्दशीसाठी वापरणार आहोत. मानाच्या पाच गणपतींपासून सुरू होणारी मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, २०२२ मध्ये तर तिने ३० तासांचा टप्पाही ओलांडला होता. एवढा वेळ उभे राहणारे पोलीस, घाटांवरील अग्निशमन दलाचे जवान आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरील डॉक्टर व चालक यांना गरम जेवण वाढावे, अशी इच्छा आहे. लक्ष्मी रस्त्यालगत एका परिचितांचा वाडा आहे. त्याच्या अंगणात पंगत मांडून पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि जिलेबी असा दोनशे माणसांचा बेत ठरवला आहे. परवानगी कोणाची घ्यावी आणि हा बेत योग्य आहे का? आणखी एक अडचण अशी की, वाढताना मागे कंपनीचा फलक असावा आणि छायाचित्रे काढावीत, असा मनुष्यबळ विभागाचा आग्रह आहे. मला ते अवघड वाटते, परंतु नाही म्हणायला सबळ कारण सुचत नाही.

निवृत्त_हवालदार
आपली भावना चांगली आहे, पण पंगतीचा विचार सोडून द्यावा. बंदोबस्तावरील माणसाला नेमून दिलेला पॉइंट सोडता येत नाही. जोडीदार उभा राहिला तरच त्याला आठ-दहा मिनिटे मिळतात, आणि त्यात गर्दीतून वाट काढत आपल्या वाड्यापर्यंत येऊन, जेवून परत जाणे शक्य नसते. जेवण पॉइंटवर गेले पाहिजे. हात गुलालाने माखलेले असतात आणि धुवायला पाणी नसते, म्हणून भाजी-भात नको. दुधात पीठ मळून केलेल्या दशमीला शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करावी आणि ती कागदात अशी बांधावी की कागद धरूनच खाता येईल. सोबत एक केळे द्यावे. जिलेबीचा पाक बाहीवर ओघळला की तो रात्रभर चिकटत राहतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

परवानगीसाठी त्या हद्दीतील पोलीस ठाण्यात किमान आठ दिवस आधी जाऊन बंदोबस्ताची आखणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटावे. कोणत्या पॉइंटवर किती माणसे आहेत आणि त्यांची बदली कधी होते, हे त्यांच्याकडूनच कळेल. त्याशिवाय निघालात तर सगळे जातात तिथेच आपणही जाल. बेलबाग चौकातील शिपायाच्या हातात रात्री दहापर्यंत सहावा वडापाव आलेला असतो आणि आतल्या बोळाच्या तोंडाशी लोखंडी अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या होमगार्डकडे पहाटे तीनपर्यंत कोणी फिरकलेले नसते.

छायाचित्राचे म्हणाल, तर कारण मी देतो. कामावर असताना खातानाचे चित्र समाजमाध्यमांवर फिरले की त्याखाली कोणीतरी ‘बंदोबस्त सोडून जेवणावळी’ असे लिहितो आणि खुलासा त्या शिपायाला द्यावा लागतो.

माई_सदाशिव
माझी धाकटी बहीण पोलीस शिपाई आहे. अशा बंदोबस्ताच्या दिवशी ती सकाळपासून जेमतेम अर्धी बाटली पाणी पिते, कारण नंतर जायचे कुठे, हा प्रश्न असतो. आपण तिला पाण्याची आणखी एक बाटली दिलीत तर ती आभार मानून पिशवीत ठेवून देईल. आपल्याकडे वाडा आहे, त्यात स्वच्छतागृह असणारच. ते महिला पोलिसांसाठी रात्रभर उघडे ठेवा, दिवा चालू ठेवा, साबण ठेवा, दाराशी एखादी सहकारी बसवा आणि जवळच्या पॉइंटवर तसे कळवा. माझ्या मते दोनशे माणसांच्या जेवणापेक्षा त्याचे मोल अधिक आहे.

खोपोलीकर
१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा आम्हीही पातेली घेऊन धावलो होतो. वर गाडीरस्ता नव्हता, यंत्रे चढवता येत नव्हती, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पावसात हाताने उपसत होते आणि ती चढण चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. आमची खिचडी मात्र पायथ्याशी निवत राहिली. वर गेले ते पाठपिशवीत मावले तेवढेच: खजूर, गूळ-शेंगदाणे, बिस्किटे. त्यामुळे नेणार कसे, हे आधी ठरवा आणि मग बेत आखा. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ तसेच बाहेर ठेवू नका. दोनशे जणांचे एकदम न करता पन्नास-पन्नासचे चार घाणे करा. घाटावरच्या अग्निशमन जवानांना ताट देऊ नका. मदतीची वर्दी आली की ते तसेच टाकून निघावे लागते.

लेखनिक_पुणे
सर्वांचे आभार. पंगत रद्द केली आहे. वाड्याच्या मालकीणबाईंनी स्वच्छतागृह उघडे ठेवायला लगेच होकार दिला, फक्त चपला बाहेर काढाव्यात, एवढीच त्यांची अट आहे. हवालदारसाहेबांचे कारण मनुष्यबळ विभागाला कळवल्यावर फलकाचा विषय मिटला. आता दोन जण वाड्यात थांबतील आणि उरलेले सहा जण दोन पाळ्यांत फिरतील. दुसरी पाळी मध्यरात्री ते पहाटे पाच अशी ठेवली आहे. रस्ते बंद असल्याने आतल्या पॉइंटवर सायकलने गेलो तर चालेल का?

निवृत्त_हवालदार
सायकल नको, ती गर्दीत आपल्यालाच आवरणार नाही. पाठीवर पिशवी घ्या आणि बोळांतून चालत जा. नटेश्वर घाटाकडे आधी जा, लक्ष्मी रस्ता शेवटी घ्या. मालकीणबाईंना मात्र चपलांची अट सोडायला सांगा. बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधण्यातच मुलींची मिळालेली दहा मिनिटे संपतील.