विषय: संक्रांतीच्या पाटीवरचा ‘हलवा’ कुठला?

नमस्कार मंडळी,
संक्रांतीच्या यादीत ‘हलवा’ दोनदा आलाय. गोडात गाजराचा आणि तिळगुळाशेजारी काटेरी पांढरा. यंदा पाहुण्यांत एक तुर्की आणि एक इराणी कुटुंब आहे. ‘हलवा आम्हाला ठाऊक आहे,’ असं दोघांनीही कळवलंय, आणि नेमकी तीच मला धास्ती आहे. पाट्या गुरुवारी छापायच्या आहेत. काय लिहू?
– खाद्यसमिती

---

ताई,
नुसतं ‘हलवा’ लिहू नका. मुळात अरबीत त्याचा अर्थ गोड पदार्थ एवढाच, त्यामुळे ज्या मुलखात जे गोड जमलं त्याला ते नाव चिकटलं. तुर्की दुकानातला हलवा ताहिनीचा, म्हणजे वाटलेल्या तिळाचा. साबणासारखा फेस येणाऱ्या एका मुळीच्या काढ्याने साखरेचा पाक पांढराफेक फुगवतात, त्यात तिळाचं वाटण घालून मळतात. म्हणून मोडला की तंतू दिसतात. घरी करतात तो मात्र रव्याचा नाहीतर पिठाचा, जवळजवळ आपला शिराच. ग्रीक लोकांचं माप तर तोंडपाठ असतं: 1 तेल, 2 रवा, 3 साखर, 4 पाणी. (तेल! सत्यनारायण कोपेल.)

एक सांभाळा. तुर्कस्तानात माणूस गेल्यावर घरी हलवा करून वाटायची रीत आहे. इराणातही केशर-गुलाबपाणी घातलेला, परतलेल्या पिठाचा हलवा दुखवट्याला असतोच. एरवीही खातात म्हणा, पण कुणी हळूच ‘कोण गेलं?’ विचारलं तर दचकू नका.
– माजी खजिनदार

---

काका, दुखवट्याचं राहू द्या, आमच्याकडे हलवा तव्यावर पडतो! मुंबई-कोकणातल्या निम्म्या सभासदांना पाटी वाचून हलवा माशाची तळलेली तुकडी आठवणार. संक्रांतीला उगाच आशा लावू नका कुणाला.
– मासेखाऊ

---

मंडळी,
काटेरी हलवा दरवर्षी मी करते, म्हणून लिहिते. त्याचा गाजराशी, रव्याशी, ताहिनीशी काही संबंध नाही. परातीत मंद आचेवर तीळ किंवा खसखस घ्यायची, वर चमचाभर पाक, आणि बोटांनी फिरवत राहायचं. सुकलं की पुन्हा पाक. एकदम जास्त ओतला की दाणे चिकटले आणि काटा गेला. बोटं भाजतात ती वेगळीच.

त्याचं खरं भावंड जपानात आहे, आणि नाव भलतंच: कोम्पेइतो. तीच साखर, तसाच काटा, फक्त दाणा मोठा आणि रंगीत. तिकडे तिरक्या, फिरत्या, तापलेल्या कढईत पाक शिंपडत दोनेक आठवडे वाढवतात. पोर्तुगीजांनी ही मिठाई तिकडे नेली, नावही त्यांच्याच ‘कोन्फेइतो’वरून. 1569मध्ये लुईस फ्रॉइस या पाद्र्याने ओदा नोबुनागाला काचेच्या बाटलीत घालून नजर केली होती. सरदाराला नजराणा म्हणून! आपण तर त्याचे दागिने करून नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालतो.

तेव्हा ‘तुमच्या हलव्यासारखाच’ असं पाहुण्यांना कुणी सांगू नये. आणि दागिन्यांचं ताट उंचावर ठेवा, गेल्या वेळी हार पोरांनी फस्त केला होता.
– हलवावाल्या काकू

---

काकू, काका, आभार.
पाट्या अशा: ‘गाजर हलवा: गाजर, दूध, तूप, काजू’ आणि ‘संक्रांतीचा हलवा: साखरेचे काटेरी दाणे, आत तीळ’. ‘तीळ’ आणि ‘काजू’ ठळक अक्षरांत, कारण ॲलर्जीचा प्रश्न आहे. अमेरिकेत तर 2023पासून पाकिटबंद पदार्थांवर तिळाचा उल्लेख कायद्यानेच सक्तीचा झालाय. काकू, यंदा थोडा हलवा तिळाऐवजी खसखशीवर कराल का? त्याला वेगळी वाटी आणि तिसरी पाटी लावते. परात मात्र आधी तीळ न लागलेली घ्या.

मासेखाऊ, तुमच्या तुकडीचं पुढच्या सहलीला बघू.
– खाद्यसमिती