भाषेचा रकाना शुक्रवारपर्यंत भरायचा आहे: स्वाहिली की अम्हारिक?

प्रेषक: सुनीता

मंडळी,
भाचीचं माहीतच आहे सगळ्यांना, लंडनला सोआस विद्यापीठात एमए आफ्रिकन स्टडीज. खोली मिळाली (अंजूताई, तुमच्यामुळे). आता घोडं अडलंय भाषेच्या रकान्यावर. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तिला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्वाहिली हवी, आणि भाऊजींनी नाशिकहून इथिओपियाच्या अम्हारिकचा धोशा लावलाय, का तर मलिक अंबर हबशी होता. यातलं कोणाला कळतं का? "आफ्रिकाच का?" हे गणपतीत सगळ्यांचं विचारून झालंय, ते पुन्हा नको.

प्रेषक: मिलिंद

भाऊजी बरोबर आहेत. मलिक अंबर इथिओपियाचा, जंजिऱ्याच्या सिद्दींनाही आपण हबशीच म्हणत आलो. एवढा धागा हाताशी असताना स्वाहिली कशाला? आणि मी तेव्हाच म्हटलं होतं, जर्मनीतलं हॅम्बर्ग विद्यापीठ बघा. इथिओपियावरचा पाच खंडांचा ज्ञानकोश तिथून निघालाय, आणि फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी.

प्रेषक: अंजू

मिलिंद, प्रवेश झालाय, पैसे भरलेत. हॅम्बर्ग आता पुरे.
राहता राहिला मलिक अंबर. पोरगा लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे अहमदनगरला आला, १६१० मध्ये खडकी (आताचं छत्रपती संभाजीनगर) वसवली. निजामशाहीचा कारभार बघायचा तर फारसी लागेल, अम्हारिक नव्हे. सुनीता, प्रबंधाचा विषय काय ते सांग आधी. त्यावर भाषा ठरते, भाऊजींवर नाही.

प्रेषक: सुनीता

विषय नाशिकचं शरणपूर. आपण शरणपूर रोडवर सगळा जन्म काढला आणि हे कोणी सांगितलं नव्हतं. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, त्यातली बरीच चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरला ठेवली. शाळा, सुतारकाम, लोहारकाम. पुढे १८७५ च्या सुमारास त्यातले बरेच जण केनियात मोंबासाजवळ फ्रिअरटाउनला नेले. बार्टल फ्रिअर, आपला मुंबईचा गव्हर्नर, त्याच्या नावाचं गाव.

प्रेषक: श्रीकांत

मग भाषा हवीच कशाला? मिशनचे कागद इंग्रजीत आहेत आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. बसने दिवसात जाऊन येता येतं. भाषेचे तास वाचवून तिने संशोधनपद्धती घ्यावी. शिवाय यात नोकरी कुठली, हेही एकदा बोलायला हवं.

प्रेषक: अण्णा

श्रीकांतराव, नोकरीचं राहू द्या, तुमच्या चिरंजीवांचं फिल्म स्टडीज आम्ही कधी काढलं नाही.
कागदात पाद्री बोलतो, मुलं नाही. जेकब वेनराइट घ्या. याओ जमातीचा, शरणपूरला शिकलेला. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा शोधप्रवासी लिव्हिंगस्टन तिथेच वारला तेव्हा झाडावर त्याचं नाव कोरलं याने. शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत हा होता, पुढे त्याच्यासोबत इंग्लंडला आला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदेकऱ्यांत उभा राहिला. आपल्या नाशिकचा विद्यार्थी! मंडळाच्या स्मरणिकेत यावर एक ओळ नाही, पण संपादकांना दरवर्षी उकडीच्या मोदकांवर चार पानं मिळतात.
फ्रिअरटाउनच्या वंशजांशी बोलायचं तर स्वाहिली. माझा जन्म नैरोबीचा, मी शिकवतो पोरीला. शनिवारी हॉलवर पाठवा.

प्रेषक: अंजू

अण्णा, राग मानू नका, पण तुमची स्वाहिली दुकानातली. परीक्षेला किताबु किझुरी, विताबु विझुरी असं नामाबरोबर विशेषणही वळावं लागतं. तुम्ही "विताबु मझुरी" म्हणून मोकळे होता आणि गिऱ्हाईक हसून पैसे देतं. प्रमाण भाषा झांझिबारची धरतात. ती वर्गातच शिकू दे.

प्रेषक: अण्णा

गिऱ्हाईक हसायचं कारण दुसरं होतं. पण व्याकरण वर्गात आणि बोलणं माझ्याशी, असं का नाही चालत? मोंबासाला गेल्यावर बाजारात तिला तक्ते म्हणून दाखवायचे नाहीत.

प्रेषक: मिलिंद

याओ मुलगा होता तर मग स्वाहिली तरी त्याची कुठे? यल्लापूरकडचे सिद्दी तर कोकणी बोलतात, त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांनी मोझांबिकहून आणलेले. या हिशोबाने पोर्तुगीज घ्या.

प्रेषक: सुनीता

मिलिंद, ती यल्लापूरला जात नाहीये. याओ घरची भाषा, हे तिलाही माहीत आहे. पण वेगवेगळ्या जमातींची ही मुलं किनाऱ्यावर परत गेली ती स्वाहिलीतच मिसळली, आणि तिला शोधायचंय ते तेच: नाशिक सोडल्यावर त्यांचं काय झालं. रकान्यात स्वाहिली भरून पाठवलं. भाऊजींना मी सांगते, जरा थांबून. अण्णा, शनिवार चालेल.

प्रेषक: समिती (हॉल व्यवस्था)

शनिवारी हॉल बालशाळेचा आहे. परस्पर वेळा ठरवू नयेत. हॉलसंबंधीचे मेल समितीच्या पत्त्यावर, सर्वांना नव्हे.

प्रेषक: अण्णा

बालशाळा चारला सुटते. किल्ली माझ्याकडेच आहे, मागच्या समितीपासून.

प्रेषक: समिती (हॉल व्यवस्था)

ती किल्ली परत मागितली होती.