ज्यू धर्म ग्रंथाचा, की ग्रंथावर वाद घालणाऱ्यांचा?

सायंतारा
परवा घरी जेवताना विषय निघाला आणि मामा म्हणाले की एकदेवी धर्मांचं सगळं पुस्तकात बांधलेलं असतं, लिहिलं की संपलं, माणसाने फक्त मान डोलवायची. मला ते ज्यू धर्माबद्दल अजिबात पटत नाही. गेली दोन वर्षं मी तालमूद, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांचा संग्रह, थोडं थोडं वाचतेय (भाषांतरातून, हिब्रू येत नाही), तर त्यावरून लिहिते.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. त्यात संदेष्टे आणि बाकीचे लेख धरले की झालं तनाख, ज्यू मोजणीने एकूण 24 पुस्तकं. पण ज्यू माणूस रोज जगतो ते निव्वळ त्यावर नाही. 'डोळ्याबद्दल डोळा' हे तोरेत स्पष्ट लिहिलंय ना? रब्बी म्हणाले याचा अर्थ नुकसानभरपाई, पैसे. का, तर आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचा कुठला डोळा काढणार? बंडखोर मुलाला दगडांनी मारायचा नियम आहे, त्याला इतक्या अटी लावल्या की शेवटी तालमूदच सांगतं, असा मुलगा कधी झालाच नाही आणि होणारही नाही. मग लिहिला कशाला? अभ्यास करा आणि त्याचं फळ मिळवा म्हणून.

आणि ती भट्टीची गोष्ट. एक भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला आणि बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझर म्हणतात माझं खरं असेल तर हे झाड सिद्ध करेल, झाड शंभर हात सरकतं. पाण्याचा पाट उलटा वाहतो, अभ्यासघराच्या भिंती कलतात, शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरच बरोबर. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहून तोरेतलंच वचन म्हणतात, 'ती स्वर्गात नाही'. म्हणजे एकदा आम्हाला दिलीत, आता निर्णय इथे बहुमताने होणार. यावर देव हसला आणि म्हणाला माझ्या लेकरांनी मला हरवलं. ज्या परंपरेने ही गोष्ट स्वतःच्या पवित्र साहित्यात जपली तिथे ग्रंथ म्हणजे पूर्णविराम कसा म्हणायचा?

शाईदौत
गोष्ट सुंदर आहे पण तुम्ही अर्धंच चित्र दाखवताय. वाद घालायला काहीतरी अचल लागतं, आणि ते म्हणजे मूळ अक्षर. सिनेगॉगमधली (ज्यू प्रार्थनाघरातली) तोरेची गुंडाळी आजही हाताने लिहितात, चर्मपत्रावर, पिसाच्या लेखणीने, एका माणसाला साधारण वर्ष लागतं. 3,04,805 अक्षरं. एक अक्षर गळलं, किंवा दोन अक्षरं एकमेकांना चिकटली तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी जाहीर वाचनाला चालत नाही. देवाचं नाव लिहिताना चुकलं तर खोडताही येत नाही, तो तुकडाच बदलायचा. वाचताना बोट लावत नाहीत, चांदीची छोटी काठी फिरवतात. जुनी झाली की टाकत नाहीत, दफन करतात, माणसाला करतात तशी.

काही ठिकाणी तर परंपरेलाच वाटतं की लिहिलंय एक आणि वाचायचं दुसरं, तरी लिहिलेलं बदललं नाही, बाजूला टीप ठेवली आणि तोंडाने वेगळं वाचलं, शेकडो वर्षं! एवढा धाक जिथे अक्षराचा आहे तिथे 'वाद हाच धर्म' म्हणणं म्हणजे विहीर विसरून रहाटाचं कौतुक करण्यासारखं आहे. सन 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं, बळी-यज्ञ बंद झाले, राज्य गेलं, लोक जगभर पांगले. हातात उरलं ते हे अक्षर.

सायंतारा
शाईदौत, अक्षराचा धाक मी नाकारत नाहीये. पण त्या गुंडाळीत स्वर नसतात हे तुम्ही सोडलंत! नुसती व्यंजनं. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' हे वचन तोरेत तीनदा येतं, त्यावर मांस आणि दूध वेगळं ठेवायचं अख्खं स्वयंपाकघर उभं आहे, वेगळी भांडी, वेगळा ओटा. आता दूध म्हणजे हालाव आणि चरबी म्हणजे हेलेव, गुंडाळीत दोन्ही सारखेच दिसतात, तीच तीन अक्षरं. दूध वाचायचं हे कोणी ठरवलं? तोंडी परंपरेने. हा प्रश्न माझा नाही, तालमूदमध्येच चर्चिलाय. म्हणजे तुम्ही म्हणता ते अचल अक्षर माणसाच्या तोंडाशिवाय उच्चारताही येत नाही.

मुळाक्षर
मला इथे तिसरीच गोष्ट खटकते. सायंतारा, तुमच्या भट्टीच्या गोष्टीत रब्बी बहुमताचा आधार तोरेच्या दुसऱ्या पुस्तकातून, निर्गम 23:2 मधून घेतात. ते वचन उघडून बघा. तिथे सांगितलंय की बहुमताच्या मागे लागून वाईट करू नको! त्याचा शेवटचा तुकडा घेऊन 'बहुमताप्रमाणे चाला' असा नियम काढला. याला तुम्ही जिवंत अर्थ लावणं म्हणता, मला ते वचनावर बसणं वाटतं.

आणि हे म्हणणारा मी पहिला नाही. आठव्या शतकात बगदादकडे अनान बेन दावीदपासून जी चळवळ धरतात ते कराइत, ते तोंडी तोरा, म्हणजे रब्बींची तोंडी परंपरा, मानतच नाहीत, तालमूदचा अधिकार नाही, तनाख हाच आधार. हाताला वचनं बांधा असं लिहिलंय त्यावरून बाकीचे ज्यू चामड्याच्या पेट्या बांधतात, कराइत म्हणतात ती बोलायची पद्धत आहे, मनावर बांधा. कोंबडी आणि दुधाचा संबंध त्यांना मान्य नाही (कोंबडी कुठे दूध देते?). आजही आहेत, इस्राएलमध्ये रामल्याला त्यांचं केंद्र आहे. ते ज्यू नाहीत का?

शिवाय त्या गोष्टीचा शेवट तुम्ही लिहिला नाहीत. रब्बी एलिएझरांना बहिष्कृत केलं. त्यांनी शुद्ध ठरवलेलं सगळं आणून जाळलं. वादाचा उत्सव वगैरे ठीक आहे, हरलेल्याचं काय झालं तेही सांगा.

नारळीपाक
सगळं वाचतोय आणि राहवत नाहीये कारण आमच्या अलिबागकडची गोष्ट या चर्चेच्या मधोमध बसते. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, सोबतचं सगळं बुडालं. पुढे शतकानुशतकं तोराही नाही, तालमूदही नाही, हिब्रूही गेली. काय राहिलं? शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. मुलांची सुंता. खवले आणि पर असलेलाच मासा. आणि शमा, 'हे इस्राएला ऐक' ही एक ओळ, लग्न असो मयत असो तीच. दाविद राहबी नावाचे ज्यू गृहस्थ बाहेरून आले तेव्हा त्यांनी बायकांसमोर मिसळीचे मासे ठेवले आणि बायकांनी खवल्यांचे वेगळे काढले, त्यावरून ओळख पटली असं सांगतात. शाईदौत, ग्रंथ नव्हता तरी ज्यू राहिले. सायंतारा, वाद घालायला रब्बी नव्हते तरी राहिले. तुम्हा दोघांच्याही मांडणीत हे लोक बसत नाहीत.

ग्रंथ नंतर आला, आणि आला तो मराठीतून. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण मराठीत काढलं, त्याचा हेतू धर्मांतराचा होता, पण यांनी हिब्रू शिकून घेतली आणि ज्यूच राहिले. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) निघाली, 1874 ला पुण्यात सचित्र निघाली, तिच्यात साड्या नेसलेल्या बायका सणाची बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्यात. पुढे तर अब्राहाम, योसेफ यांच्यावर कीर्तनं झाली, पूर्वरंग-उत्तररंग सगळं. ते वाचताना मला भरून येतं, खोटं नाही सांगत.

मुळाक्षर
आणि त्याच लोकांना इस्राएलला गेल्यावर काय ऐकावं लागलं ते पण लिहा ना काका. 1962 मध्ये तिथल्या प्रमुख रब्बी मंडळाने लग्न नोंदवताना बेने इस्राएल घराण्यांची पूर्वजांची चौकशी करा म्हणून सूचना काढल्या. कारण काय, तर यांच्याकडे रब्बींच्या पद्धतीचं घटस्फोटपत्र नव्हतं, मग मागे कोणाचं पुनर्लग्न वैध नसेल, संतती निषिद्ध असेल. मुळात 'अनुवाद' या तोरेच्या पाचव्या पुस्तकातलं एक वचन, बाकी सगळी इमारत तोंडी तोरेची. ज्यांनी ग्रंथाविना शनिवार पाळला त्यांना ग्रंथाच्या अर्थाने दारात उभं केलं. 1964 मध्ये लोक जेरुसलेमला रस्त्यावर बसले, सरकारला मधे पडावं लागलं, तेव्हा सूचनेतून त्यांचं नाव निघालं. 'ती स्वर्गात नाही' हे खरंच, पण खाली कोणाच्या हातात आहे?

सायंतारा
मुळाक्षर, हे मला माहीत होतं आणि तरी मी वर लिहिलं नाही, ती माझी चूक. ती सूचना अन्यायाची होती, त्यात दुसरं मत नाही. पण सोडवणूक कुठून येते बघा. इस्राएलचे तेव्हाचे एक प्रमुख रब्बी ओवादिया योसेफ यांनी 1973 मध्ये इथिओपियाच्या बेता इस्राएलना ज्यू ठरवलं, त्यांच्याकडेही तालमूद नव्हतं, गीझ भाषेतली तोरा होती. त्यांनी आधार कशाचा दिला? सोळाव्या शतकातल्या रब्बींच्या निर्णयाचा. म्हणजे ज्या परंपरेने दार लावलं तिच्यातच ते उघडायची किल्ली सापडली.

उंबरठा
उशिरा आले, एकच मुद्दा मांडते. वर सगळीकडे बहुमत बहुमत चाललंय, त्या अभ्यासघरात एकही बाई मोजलेली नव्हती. आजही नवऱ्याने घटस्फोटपत्र दिलं नाही तर बाई वर्षानुवर्षं अडकते, अगुना म्हणतात तिला, साखळीने बांधलेली. तिथे मला ना अक्षर वाचवतं ना अर्थ.

पण तोरेच्या चौथ्या पुस्तकातला, गणना, 27 वा अध्याय वाचला की मी थांबते. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, सगळ्या मंडळीसमोर मोशेला विचारतात की बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला जमीन द्या. मोशेला उत्तर येत नाही, तो देवाकडे जातो, आणि देव म्हणतो मुली बरोबर बोलतायत. कायदा बदलतो. हे रब्बींच्या नाही, मूळ तोरेच्या अक्षरात आहे.

शाईदौत
ताई, हेच तर म्हणत होतो! अक्षरातच आहे. पण पुढे 36 वा अध्यायही आहे, तिथे टोळीचे पुरुष तक्रार करतात आणि मुलींवर अट येते, लग्न आपल्याच टोळीत करायचं.

उंबरठा
माहितीये. आणि तालमूदने त्यावर काय म्हटलं तेही बघा, ती अट फक्त त्या एका पिढीपुरती. एका शब्दावरून काढलं, 'ही गोष्ट' म्हणजे ही आत्ताचीच, पुढच्यांची नाही. नंतर कुठल्याही मुलीला कुठल्याही टोळीत लग्न करता आलं. त्या 'ही' शब्दावर कोणीतरी रात्रभर बसलं असणार. अगुनासाठी तसा शब्द शोधणारे आज आहेत, त्यात आता शिकलेल्या बायकाही आहेत, मी त्यांचं वाचतेय.